गोठ्याबाहेरच्या अक्का

अक्का गाईला घाबरायच्या. हे आधीच सांगून टाकते, कारण मागाहून सांगितलं तर कुणाचा विश्वास बसत नाही. ज्या बाईने सरकारी कारखान्यातली चांगली नोकरी मुदतीआधी सोडून आपलं सगळं डोकं गाईंच्या तब्येतीला लावलं, ती बाई गाईच्या जवळ जायची नाही. रस्त्यात गाय दिसली की अक्का पलीकडच्या बाजूला जायच्या. पलीकडेही गाय असली तर जे फाटक उघडं दिसेल त्यात शिरायच्या आणि त्या घरच्या माणसांची खुशाली विचारत गाय जाईपर्यंत तिथेच उभ्या राहायच्या. बंगळूरच्या राजाजीनगरात तेव्हा गल्लोगल्ली गाई होत्या, त्यामुळे अक्कांची बहुतेक घरांशी ओळख होती. लोकांना वाटायचं, बाई फार माणूसवेड्या आहेत. डोंबल! माणसांचाही त्यांना संकोचच वाटायचा.

मी पुण्याहून नोकरीसाठी बंगळूरला गेले ते नव्वदच्या दशकाच्या मध्यावर. कॉम्प्युटरवर मी नेमकं काय करते हे माझ्या आईला शेवटपर्यंत कळलं नाही, आणि पहिलं वर्षभर मलाही कळलं नव्हतं. ओळखीतून अक्कांच्या माडीवरची खोली मिळाली. खोली दाखवताना त्यांनी पगार विचारला नाही, स्वयंपाक कोणता करणार ते विचारलं नाही, रात्री किती वाजता येणार हेही विचारलं नाही. विचारलं काय, तर मिक्सर आहे का, केस वाळवायचं यंत्र आहे का, आणि ट्यूबलाइट लावताना लुकलुकत राहते का. मी म्हटलं, यातलं काहीच नाही. "सरी," म्हणजे ठीक, त्या म्हणाल्या, "मग ये राहायला." त्या यंत्रांमुळे त्यांच्या पेटीत खरखर व्हायची, हे मला नंतर समजलं.

अक्कांचं घराणं तीनचार पिढ्यांपूर्वी तिकडे गेलेलं. घरात मराठीच बोलत, पण ती मराठी ऐकून मला पहिले आठ दिवस हसू आवरायचं नाही. "स्वल्प मीठ घाल गं," "अय्यो, एवढं ताठ कशाला बोलतीस?" असं चालायचं. माझं नाव त्यांना ठाऊक होतं, पण हाक मारताना त्या मला 'पुण्याची' म्हणायच्या. मी चिडायचे. चिडून उपयोग नसायचा, कारण माझ्या चिडण्याकडे त्या एखाद्या मीटरकडे बघावं तशा बघायच्या आणि काटा स्थिर झाला की आपल्या कामाला लागायच्या. लग्न केलेलं नव्हतं. त्याबद्दल कुणी विचारलं तर म्हणायच्या, राहून गेलं. दळण आणायचं राहून जावं, तसं.

आता त्या पेटीविषयी. स्वयंपाकघरात फळीवर, लोणच्याची बरणी आणि कुकर यांच्या मधे, अक्कांनी स्वतः बनवलेली एक पत्र्याची पेटी होती. घराच्या मागच्या गल्लीत मुनियम्माचा गोठा. त्यात तीन गाई: केंपी, तुंगा आणि भद्री. प्रत्येक गाईच्या गळ्यात अक्कांनी एकेक पट्टा घालायला लावला होता. पट्ट्याच्या आत कानामागे टेकेल असा एक मण्याएवढा भाग, त्याला गाईच्या अंगाची ऊब कळायची. शेजारी छोटी बॅटरी आणि काडेपेटीएवढा ट्रान्समीटर. गाईचा ताप वाढला की आपल्या फळीवरच्या पेटीतली टिकटिक जलद व्हायची. एवढंच. आज असले पट्टे कंपन्या विकतात, मोबाइलवर आकडे दिसतात, त्याला 'स्मार्ट' म्हणतात. अक्कांनी ते कारखान्याबाहेर टाकलेल्या सुट्या भागांतून केलं होतं, आणि चामडं तिथल्याच, बंगळूरच्या शिवाजीनगरातल्या एका घोड्याचे साज शिवणाऱ्या म्हाताऱ्याकडून शिवून घेतलं होतं. मुनियम्माला लिहितावाचता येत नव्हतं म्हणून पट्ट्यांना रंग दिले. केंपीचा पिवळा, तुंगाचा लाल, भद्रीचा हिरवा. आणि तिघींचे सूर वेगळे. केंपी खर्जात, तुंगा मधे, भद्री चिमणीसारखी वर.

गंमत अशी की अक्का कधी 'लाल पट्टा' किंवा 'दुसरा ट्रान्समीटर' असं म्हणायच्या नाहीत. "तुंगा बोलतीय," म्हणायच्या. "आज भद्री कंटाळलीय बघ." वरण ढवळता ढवळता हात थांबायचा, मान तिरकी व्हायची, आणि मग एकदम समाधानाने म्हणायच्या, "केंपी निजली." मुनियम्माशीही तसंच बोलायच्या. गोठ्याच्या फाटकाबाहेर उभ्या राहून, पदर नाकाला लावून, कन्नडमध्ये सांगायच्या की काल तुझी केंपी मला म्हणाली, उन्हात बांधू नका. मुनियम्मा पन्नाशीची, आडव्या बांध्याची, तोंडात सदा पान. ती हे सगळं अगदी गंभीरपणे ऐकायची आणि केंपीला सावलीत बांधायची. मलाही त्यात काही वावगं वाटायचं नाही. ऐकायला किती गोड होतं ते! त्या गोडपणाने पुढे घात केला, हे तेव्हा कुणाच्या मनात येणार?

भीतीचं कारण त्यांनी मला एकदाच सांगितलं, तेही पाठमोऱ्या, भांडी पुसताना. लहानपणी आजोबांच्या घरी एक गाय होती, गरीब स्वभावाची. ही सहा-सात वर्षांची पोर तिच्या गळ्यात पडायला गेली, तर गायीने तिला शिंगावर घेऊन भिंतीवर आपटलं. खांद्याचं हाड मोडलं. घरच्यांनी गायीला काठीने झोडपलं. दुसऱ्या दिवशी गाय मेली. डॉक्टर म्हणाले, तिला केव्हापासूनचा ताप होता. "तिला बरं नव्हतं," अक्का म्हणाल्या, "आणि आम्ही तिला मारलं." एवढं बोलून भांडी जागेवर लावायला लागल्या. त्यानंतर त्यांनी कधी गायीला हात लावला नाही, आणि मला वाटतं, माणसालाही फारसा लावला नाही.

कारखान्यात त्या तपासणी विभागात होत्या. तिथल्या त्यांच्या गोष्टी मला त्यांच्या एका जुन्या सहकाऱ्याने सांगितल्या. एकदा साहेबांनी सांगितलं, माल पाठवायचा आहे, तुमचं मीटर चुकत असेल. अक्का म्हणाल्या, मीटर बरोबर आहे, तुम्ही चुकताय. साहेबांनी दुसरं मीटर आणवलं. तेही तेच दाखवायला लागलं. तरी माल गेला, आणि अक्कांची बढती राहिली. पण यंत्राने दाखवलेलं 'नाही' त्यांनी कधी 'हो' केलं नाही. ह्या बाबतीत त्या इतक्या हट्टी होत्या की घरातलं भिंतीवरचं घड्याळ पाच मिनिटं पुढे ठेवायलाही त्यांचा विरोध. मी ऑफिसची बस चुकवायचे म्हणून एकदा गुपचूप पुढे केलं, तर दोन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. घड्याळाला खोटं बोलायला लावलंस, म्हणाल्या. मी म्हटलं, अहो अक्का, घड्याळ आहे ते, साक्षीदार नाही. तर म्हणाल्या, साक्षीदारच आहे.

आणि माया? माया होती हो. पण ती तारेतून यायची. मला एकदा सडकून ताप आला. टायफॉइड निघाला पुढे. अक्का खोलीच्या उंबऱ्याशी आल्या, आत आल्या नाहीत. हातात एक नवाकोरा पट्टा. "काखेत धर," म्हणाल्या, "वरून ओढणीने बांध." मी म्हटलं, अक्का, मी गाय आहे का? "गाय असतीस तर निमूट बांधून घेतला असतास." मग ते पाच-सहा दिवस त्या खाली स्वयंपाकघरात बसून माझी टिकटिक ऐकत होत्या. ताप चढला की मी हाक मारायच्या आधी पायऱ्यांवर त्यांची पावलं वाजायची. थंड पाण्याचा वाडगा आणि गंजी, म्हणजे आपली तांदळाची पेज, उंबऱ्याच्या आत ठेवून मागे सरायच्या. त्या वेळी तुंगा, भद्री, केंपी आणि मी, अशा चौघी त्या फळीवर बोलत होतो. माझ्या सख्ख्या आईने पुण्याहून येऊन कपाळावर हात ठेवला तेव्हा मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. पण माझं आजारपण जितकं अक्कांनी ऐकलं तितकं आयुष्यात दुसऱ्या कुणी ऐकलेलं नाही.

पेटीची कीर्ती झाली ती केंपीमुळे. एका संध्याकाळी खर्जातली टिकटिक घाई करायला लागली. अक्का फाटकाशी गेल्या आणि मुनियम्माला म्हणाल्या, केंपी सांगतेय तिला ताप आहे. केंपी तर मजेत कडबा खात होती. मुनियम्मा हसली. तरी गुरांचे डॉक्टर आणले. त्यांनी थर्मामीटर लावला आणि भुवया वर गेल्या. कासेला सूज धरत होती. वेळेवर औषध झालं, एकही सड गेला नाही. मुनियम्माच्या घरात मिळवतं कुणी नव्हतं, त्या तीन गाईंवरच तिचं चालायचं. त्या दिवसापासून ती अक्कांची भक्तच झाली. गल्लीत जो भेटेल त्याला सांगायची, अक्कांच्या पेटीला माझ्या गाई ओळखू येतात. लोकांनी थट्टा केली की भांडायला उठायची. रोज सकाळी सगळ्यात आधी दूध आमच्याकडे, आणि मग विचारणा: रात्री कुणी काही बोललं का?

हे डेअरीच्या लोकांच्या कानावर गेलं. के. आर. पुरमच्या पलीकडच्या खेड्यांतल्या गाईंना असे पट्टे लावून बघता येतील का, म्हणून दोन अधिकारी संक्रांतीनंतर पेटी बघायला येणार असं ठरलं. अक्कांना झालेला आनंद दिसायला फार कमी दिसला. दोनदा पेटी पुसली, आणि मला विचारलं, "पुण्याची, त्यांच्यापुढे मी कुठली साडी नेसू?" पंचावन्न वर्षांची बाई, कधी आरशात बघायची नाही. मला भरून आलं. मी म्हटलं, ती जांभळी नेसा.

संक्रांतीला मी पुण्याला गेले. तिकडे बंगळूरला संक्रांत म्हणजे गाईगुरांचा सण. गाईंना न्हाऊ घालतात, हळद लावतात, शिंगं रंगवतात, गळ्यात माळा, गोडाचा घास, आणि संध्याकाळी पेटत्या गवताच्या जाळावरून त्यांना पळवत नेतात. न्हाऊ घालायचं म्हणून मुनियम्माने आदल्या दिवशी तिन्ही पट्टे काढून ठेवले होते. सण झाल्यावर परत चढवले.

मी परतले ती चार-पाच दिवसांनी, सकाळच्या बसने. अक्का स्वयंपाकघरात पेटीसमोर बसल्या होत्या. डोळे खोल गेलेले, वेणी न घातलेली. तिळगूळ पुढे केला तर घेतलाही नाही. म्हणाल्या, तुंगा जाते की काय कळत नाही. तुंगा पहिलारू गाभण होती, तिच्यावर सगळ्यांचा जीव. सण झाला त्याच्या दुसऱ्या दिवसापासून तुंगाची टिकटिक जलद झाली होती. डॉक्टर आले, ताप बघितला, म्हणाले गाय ठणठणीत आहे. अक्कांनी ऐकलं नाही. दुसऱ्या दिवशी टिकटिक आणखी वाढली, त्यांना परत बोलावलं, परत तेच. सुट्टीच्या दिवसांत दोनदा धावपळ झाल्याने डॉक्टर वैतागून गेले आणि जाताना काहीतरी शक्तीचं औषध देऊन गेले. अक्का फाटकाबाहेरून सांगायच्या तशी मुनियम्मा तुंगाच्या पाठीवर ओली पोती टाकत होती. आणि भद्री? भद्रीने कालपासून वैरण टाकलीय असं मुनियम्मा बोलता बोलता म्हणाली होती. पण भद्रीचा सूर शांत होता. अक्का म्हणाल्या, सणाचा गूळ आणि गोड भात बाधला असेल. मुनियम्मालाही ते पटलं, तिनेच तर हाताने चारलं होतं.

मी तिळगुळाची पुडी आणि दुधाचं भांडं घेऊन गोठ्यात गेले. मी काही गाईला घाबरत नव्हते, सरळ आत गेले. तुंगा ओल्या पोत्याखाली उभी राहून आरामात रवंथ करत होती. तिच्या गळ्यात हिरवा पट्टा. पलीकडे भद्री बसलेली, मान पोटाकडे वळवून, तोंडाला फेस, बरगड्या भात्यासारख्या हलत होत्या. तिच्या गळ्यात लाल.

मी मुनियम्माला विचारलं, तुंगाला हिरवा कुणी घातला?

ती लाजली. अगदी माहेरवाशिणीविषयी बोलावं तशी लाजली. म्हणाली, मीच. पहिलटकरीण आहे ना ती. सणासुदीला पहिलटकरणीच्या अंगावर हिरवं नको? आमच्याकडे हिरव्या बांगड्या भरतात, तुमच्याकडेही हिरवी साडी नेसवतातच की. न्हाऊ घातल्यावर किती सुंदर दिसत होती, मग हिरवा तिला घातला आणि तिचा लाल भद्रीला. अक्कांच्या पेटीला काय, ती दोघींना ओळखतेच.

भांडं तिथेच ठेवून घरी पळाले आणि अक्कांना सांगितलं. धापा टाकत, एका दमात सांगितलं. अक्का पेटीकडे बघत राहिल्या. मधला सूर धावत होता आणि वरचा सूर निवांत होता. त्या म्हणाल्या, "आवाज पट्ट्याचा असतो गं. गाईचा कुठे असतो?" आणि मग, "हे मी तिला कधीच सांगितलं नाही."

चपला न घालता त्या निघाल्या. मी मागे. मला वाटलं, नेहमीसारख्या फाटकाशी थांबतील. थांबल्या नाहीत. कडी काढली आणि आत गेल्या. केंपीच्या मागून गेल्या, तुंगाच्या पोटाला पदर घासला, आणि भद्रीशेजारी शेणामुताच्या ओल्यात बसल्या. पहिल्यांदा हात गायीच्या कानापर्यंत पोचलाच नाही. मग पोचला. कानाच्या मुळाशी त्यांनी तळवा टेकवला आणि डोळे मिटून घेतले. जे गल्लीतल्या कुठल्याही पोराला हात लावून कळलं असतं, ते त्यांना कळत होतं. मुनियम्मा तोंडाला पदर लावून बघत उभी होती. अक्का गोठ्यात आल्या, हेच तिला खरं वाटत नव्हतं.

डॉक्टरांना मी रिक्षाने घेऊन आले. या वेळी ते काही न बोलता सरळ भद्रीकडे गेले. तिच्या मानेखालून गोचिडी काढून दाखवल्या, डोळ्याची पापणी उलटून बघितली. गोचीड ताप होता. सुई दिली, बाटली लावली. जाताना मला बाजूला घेऊन म्हणाले, दोन दिवस आधी कळलं असतं तर. अक्कांनी ते ऐकलं. त्या उठल्या नाहीत. दिवसभर तिच्या मानेखाली मांडी देऊन बसल्या. त्यांना कन्नडमध्ये गायीशी बोलताना मी ऐकलं. काय बोलत होत्या ते मला तेवढं कन्नड येत नसल्याने समजलं नाही, आणि समजलं असतं तरी इथे लिहिलं नसतं. दिवेलागणीच्या सुमाराला भद्री गेली.

मुनियम्मा रडली ती आक्रोश करून नाही. खाली बसली, भद्रीच्या शिंगावरचा सणाचा रंग नखाने खरवडत राहिली. आजूबाजूची चार माणसं जमली होती. मग ती अक्कांकडे वळली आणि तिने विचारलं. त्या विचारण्यात राग नव्हता, तेच वाईट होतं.

"अक्का, तिने तुम्हाला काहीच सांगितलं नाही?"

माझ्या तोंडाशी आलं होतं. मी तोंड उघडलंही. बदललेले पट्टे, रंग, सूर, सगळं एका वाक्यात सांगता आलं असतं. मुनियम्माला तेव्हाही कळलं नव्हतं. हिरव्या-लाल पट्ट्यांचा आणि भद्रीचा काही संबंध असेल हे तिच्या मनातही नव्हतं. अक्कांनी माझ्याकडे बघितलं आणि मराठीत म्हणाल्या, इतरांना समजू नये म्हणून मराठीत, अगदी साध्या आवाजात: "पुण्याची, गप्प बस. तिच्या हातून झालं हे तिला कधी कळता कामा नये."

मग मुनियम्माकडे वळून, सगळ्यांना ऐकू जाईल असं, कन्नडमध्ये त्या म्हणाल्या की पेटी बिघडली होती. मला माहीत होतं, तरी मी तिच्यावर विसंबले, म्हणाल्या. यंत्र खराब आहे.

उभ्या आयुष्यात यंत्राविरुद्ध शब्द न उच्चारलेली बाई! आणि ती पेटी इतकी बरोबर होती की भद्रीच्या तापाचा चढ तिने दिवसेंदिवस अचूक सांगितला होता.

डेअरीचे अधिकारी ठरल्या दिवशी आले. अक्कांनी त्यांना दारातच सांगितलं, यंत्र भरवशाचं नाही, एक गाय गेली. मी आतून ऐकत होते. मला इतका संताप आला की ते गेल्यावर मी अक्कांशी भांडले. म्हटलं, मुनियम्माला सांगू नका, समजलं; पण ह्यांना सांगायला काय हरकत होती? पट्ट्याला कुलूप लावता आलं असतं, रंग काढून टाकता आले असते, इतक्या गाई वाचल्या असत्या पुढे. अक्का शांतपणे म्हणाल्या, ते उद्या गोठ्यात गेले असते आणि तिच्यासमोर बोलले असते. "आणि भद्रीला मी सोडून आणखी कुणी मारलं म्हणतीस तू?" माझं अजूनही मत आहे की त्यांनी सांगायला हवं होतं. अजूनही राग आहे माझा. पण मुनियम्मा रोज सकाळी फाटक उघडून गाईंच्या गळ्यात पडते, ते त्यांनी बघितलं होतं, मीही बघितलं होतं.

जांभळी साडी घडी न मोडता कपाटात राहिली. पट्टे काढून आणले, पेटी फळीवरून खाली आली, आणि तिच्या जागी अक्कांनी डाळीचा डबा ठेवला. स्वयंपाकघरात इतकं शांत वाटायचं की मी मुद्दाम भांडी आपटायचे. मिक्सर घेतला तरी चालेल असं अक्का मला म्हणाल्या, तेव्हा मी वर जाऊन रडले.

पुढे दोन वर्षांनी माझं लग्न झालं आणि मी ती खोली सोडली. अधूनमधून जायचे. एकदा गेले तर नवी भाडेकरू मुलगी व्हरांड्यात बसलेली, आणि मुनियम्मा दूध घालता घालता तिला सांगत होती की अक्का सोन्यासारख्या आहेत, पण त्यांनी एक पेटी केली होती, ती अगदी कुचकामाची, तिच्यापायी माझी भद्री गेली. अक्का तिथेच खुर्चीवर शेंगा सोलत होत्या. मुलीने संकोचून त्यांच्याकडे बघितलं. अक्का म्हणाल्या, "हो, खरंय," आणि शेंगा सोलत राहिल्या.

अक्का गेल्याचं कळलं तेव्हा मी धावत पोचले, पण सगळं आटोपलं होतं. घरात एक भाचा होता, त्याला मी माहीत नव्हते. मागच्या गल्लीत मुनियम्मा भेटली. म्हातारी झाली होती. माझे दोन्ही हात धरून रडली. म्हणाली, शेवटी पंधरा दिवस अंथरुणावर होत्या, मीच करत होते त्यांचं सगळं. एक दिवस मी त्यांना सांगून टाकलं की अक्का, भद्रीचं मनात ठेवू नका, मी तुम्हाला केव्हाच माफ केलंय.

मी विचारलं, मग काय म्हणाल्या?

मुनियम्माने डोळे पुसले. म्हणाली, माझा हात घट्ट धरला आणि म्हणाल्या, फार उपकार झाले तुझे.

मी म्हटलं, बरं केलंस मुनियम्मा, सांगितलंस ते. दुसरं काय म्हणणार? इतकी वर्षं हे मी कुणाजवळ बोलले नाही. आज लिहिलं, कारण मुनियम्माला मराठी येत नाही.